वेदीकडे तोंड की भाविकांकडे? लंडनच्या उपासना परिषदेने दिलेला धडा

दिनांक ५ जुलै २०१६ रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये एक आगळीवेगळी सभा भरली होती. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी जगविख्यात असलेल्या ह्या संस्थेत त्या दिवशी बिशप, धर्मगुरू, मठवासी, उपासनाशास्त्राचे अभ्यासक, संगीतज्ञ आणि प्रापंचिक असे अनेक देशांतून आलेले लोक एकत्र बसले होते. परिषदेचे नाव होते 'साक्रा लितुर्जिया', म्हणजेच 'पवित्र उपासना'. व्यासपीठावर होते कार्डिनल रॉबर्ट सारा. पश्चिम आफ्रिकेतील गिनी ह्या देशात १९४५ साली जन्मलेले आणि वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी कोनाक्रीचे आर्चबिशप झालेले हे धर्माचार्य त्या वेळी रोममधील उपासनाविषयक विभागाचे प्रमुख होते. जगभरच्या लॅटिन विधीतील मिस्सेच्या पुस्तकांवर ज्या कार्यालयाची देखरेख असते, त्या कार्यालयाचे ते प्रीफेक्ट होते.

भाषणाच्या ओघात त्यांनी जगातील धर्मगुरूंना एक विनंती केली. मिस्सेच्या ज्या भागात आपण परमेश्वराला उद्देशून प्रार्थना करतो, त्या भागात धर्मगुरू व भाविक ह्या दोघांनी एकाच दिशेला, म्हणजे पूर्वेकडे किंवा निदान वेदीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून उभे राहावे; हा बदल विवेकाने आणि भाविकांना नीट शिकवण देऊन करावा; आणि शक्य असेल तेथे त्याच वर्षीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी त्याला प्रारंभ करावा, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन दिवसांत ही वार्ता जगभर पोहोचली आणि वाटेत तिचे रूपही पालटले. विनंतीचा हुकूम झाला. 'धर्मगुरू आता लोकांकडे पाठ फिरवणार' असे मथळे झळकले. कोणी आनंदाने नाचले, कोणी संतापले. लंडनचेच कार्डिनल व्हिन्सेंट निकोल्स ह्यांनी आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहून, मिस्सा ही वैयक्तिक आवडीनिवडी चालवण्याची जागा नव्हे ह्याची आठवण करून दिली. अखेर ११ जुलै रोजी पोपपीठाच्या माध्यम कार्यालयाला खुलासा करावा लागला. आगमनकाळापासून कोणतेही नवे नियम लागू होणार नाहीत, मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील २९९ वे कलम पूर्वीसारखेच लागू आहे आणि 'सुधारणेची सुधारणा' हा शब्दप्रयोग गैरसमज निर्माण करीत असल्यामुळे तो टाळलेला बरा, असा त्या खुलाशाचा आशय होता.

सहा दिवसांत सुरू होऊन सहा दिवसांतच संपलेले हे प्रकरण आज पुन्हा उकरून काढण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की प्रकरण मिटले तरी प्रश्न मिटला नाही. त्यानंतरच्या वर्षांत तो अधिक तीव्र झाला, आपल्या देशातही तो रस्त्यावर आला, आणि जी वेदी आपणां सर्वांना एक करण्यासाठी आहे तिच्याभोवतीच तट पडू लागले. म्हणूनच ह्या परिषदेकडे शांतपणे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

अशा परिषदा नव्या नाहीत

'साक्रा लितुर्जिया'चा जन्म रोममध्ये झाला. २०१३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या उपासनाविषयक संविधानाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, फ्रान्समधील फ्रेज्युस-तुलाँ धर्मप्रांताचे तत्कालीन बिशप डॉमिनिक रे ह्यांच्या पुढाकाराने २५ ते २८ जून ह्या काळात पहिली परिषद भरली. त्यानंतर न्यूयॉर्क (२०१५), लंडन (२०१६), मिलान (२०१७) आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को (२०२२) येथे ती झाली. दिवसा व्याख्याने आणि चर्चा, त्यांच्या जोडीला गंभीर स्वरांतील ग्रेगोरियन गायनासह मिस्सा व सायंप्रार्थना, असे तिचे स्वरूप असते. मिस्सा कधी आजच्या विधीनुसार, तर कधी १९६२ च्या जुन्या मिस्साग्रंथानुसार लॅटिन भाषेत अर्पण केली जाते. लंडनच्या परिषदेतील विधींसाठी ब्रॉम्प्टन ओरेटरी ह्या भव्य चर्चचा उपयोग करण्यात आला होता.

ह्या परिषदेलाही पूर्वज आहेत. १९९४ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उपासना अभ्यास केंद्राने जुन्या विधीवर अनेक विद्वत्सभा भरवल्या. २००१ च्या जुलै महिन्यात फोंगोंबो येथील बेनेडिक्टाइन मठात उपासनेवर जी चर्चा झाली तिला खुद्द कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर उपस्थित होते. चार वर्षांनी तेच पोप बेनेडिक्ट सोळावे झाले, आणि २००७ साली 'सुम्मोरुम पोन्तिफिकुम' ह्या पत्राद्वारे त्यांनी जुन्या विधीला व्यापक मुभा दिली.

तथापि आणखी मागे गेलो की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. १९०९ साली बेल्जियममधील मालीन येथे भरलेल्या कॅथलिक परिषदेत लाम्बेर बोदुअँ नावाच्या बेनेडिक्टाइन संन्याशाने उपासना ही सर्व ख्रिस्ती लोकांची आहे, तिच्यात त्यांना सहभागी होता आले पाहिजे, असा विचार मांडला. उपासना चळवळीचा आरंभ बहुधा त्या भाषणापासून सांगितला जातो. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये असिसी येथे उपासनेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्या प्रतिनिधींपुढे पोप बारावे पायस ह्यांनी भाषण केले. ख्रिस्तसभेतून पवित्र आत्म्याचा संचार होत असल्याची खूण त्यांना ह्या चळवळीत दिसली होती. त्यानंतर सातच वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, धर्मपरिषदेने २,१४७ विरुद्ध ४ मतांनी उपासनाविषयक संविधान मंजूर केले.

ज्या सुधारणेबद्दल आज काही विद्वानांना हळहळ वाटते, ती सुधारणाही विद्वानांच्या आणि धर्मगुरूंच्या परिषदांतूनच उदयाला आली होती. म्हणून अशा सभा भरल्या की लगेच 'हे बंडखोर आहेत' असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही लोक एकत्र जमतात, अभ्यास करतात, प्रार्थना करतात आणि ख्रिस्तसभेपुढे आपले निवेदन ठेवतात. त्यातले काय घ्यावे आणि काय ठेवावे हे ख्रिस्तसभा ठरवते, आणि त्यासाठी कधी कधी अर्धशतक घेते. मालीनपासून धर्मपरिषदेपर्यंत चोपन्न वर्षे लोटली. लंडनच्या विनंतीला मात्र पाच महिन्यांची मुदत होती. गडबड झाली ती येथेच, असे आमचे नम्र मत आहे.

मूळ प्रश्न दिशेचा

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू या. प्रार्थनेच्या वेळी पूर्वेकडे तोंड करण्याची प्रथा ख्रिस्ती परंपरेत अतिशय प्राचीन आहे. उगवता सूर्य हे पुनरुत्थित प्रभूचे आणि त्याच्या पुनरागमनाचे प्रतीक मानले गेले. सूर्योदयाकडे पाहून हात जोडणे म्हणजे काय हे आपल्या मातीतील माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ह्या दृष्टीने पाहिले तर वेदीपुढे उभा असलेला धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभा नसतो; तो लोकांच्या पुढे राहून, त्यांच्यासह, येणाऱ्या प्रभूकडे तोंड करून उभा असतो. दिंडीच्या अग्रभागी चालणारा वारकरी मागच्यांचा अपमान करीत नाही, तसेच हे आहे.

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. मिस्सा हे बलिदान आहे, त्याचप्रमाणे ते भोजनही आहे. प्रभूने आपल्या शिष्यांसमवेत एका मेजाभोवती बसून ते स्थापिले. धर्मगुरू भाविकांकडे तोंड करून उभा राहतो तेव्हा भाकर घेणे, आशीर्वाद मागणे, मोडणे आणि देणे ह्या कृती सर्वांना दिसतात, प्रार्थनेचे शब्द ऐकू येतात. ख्रिस्त आपल्यामध्ये आहे, आपण त्याच्याभोवती जमलेले त्याचे कुटुंब आहोत, ही जाणीव ह्या रचनेने तीन पिढ्यांच्या मनात रुजवली आहे. ती काही क्षुल्लक देणगी नव्हे.

धर्मपरिषदेने ह्याबाबत काय म्हटले? पुष्कळांना हे ऐकून नवल वाटेल की उपासनाविषयक संविधानात वेदी फिरवण्याविषयी एक शब्दही नाही. लॅटिन विधीत लॅटिन भाषा जपली जावी, मातृभाषेला मात्र अधिक वाव मिळावा. ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान असावे. विधी साधे, सुटसुटीत आणि भारदस्त असावेत. आणि भाविकांचा सहभाग पूर्ण, जाणीवपूर्वक व सक्रिय असावा, असे त्यात म्हटले आहे. भाविकांसमोर तोंड करून मिस्सा अर्पण करता यावी म्हणून मुख्य वेदी भिंतीपासून मोकळी असावी, हे मार्गदर्शन १९६४ च्या सप्टेंबरमध्ये निघालेल्या अंमलबजावणीच्या सूचनांतून आले. पुढे मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांनी तसे करणे जेथे शक्य असेल तेथे इष्ट आहे असे नमूद केले. ह्या 'इष्ट' शब्दाचा अर्थ 'बंधनकारक' असा होत नाही, हा खुलासाही रोमच्या उपासना विभागाने २००० साली केलेला आहे. किंबहुना आजच्या मिस्साग्रंथातही काही ठिकाणी धर्मगुरूने 'लोकांकडे वळून' बोलावे अशी सूचना आहे. म्हणजे एरवी त्याचे तोंड दुसरीकडे असू शकते हे ग्रंथाने गृहीत धरले आहे. स्वतः पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१४ च्या जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला सिस्टीन चॅपेलमधील भिंतीलगतच्या जुन्या वेदीवर मिस्सा अर्पण केली होती.

तेव्हा वस्तुस्थिती अशी की दोन्ही पद्धती ख्रिस्तसभेच्या आहेत. एक रूढ आणि इष्ट मानलेली आहे, दुसरी निषिद्ध नाही. एवढे समजून घेतले असते तर लंडनच्या भाषणानंतर उठलेल्या धुरळ्यापैकी बराचसा उठलाच नसता.

भाषण, विनंती आणि आदेश

ह्या प्रकरणातून वाचक म्हणून आपण काय शिकावे? पहिली गोष्ट म्हणजे एखाद्या मोठ्या धर्माधिकाऱ्याचे परिषदेतील भाषण हा ख्रिस्तसभेचा कायदा नव्हे. कायदा ठराविक मार्गाने येतो: तो लिखित असतो, अधिकृतपणे प्रसिद्ध होतो, बिशपांकडून धर्मग्रामांपर्यंत पोहोचतो. भाषणात वक्ता आपले मत मांडतो, विनंतीत मन वळवतो. आदेशाने मात्र तो बांधून घेतो. ह्या तिन्हींची सरमिसळ झाली की भाविकांच्या मनात संभ्रम माजतो. आज तर एखादे वाक्य भ्रमणध्वनीवरून क्षणात हजारो घरांत जाते आणि 'व्हॅटिकनने सांगितले आहे' असा शिक्का त्यावर कोणीतरी मारून देतो. अशा वेळी 'हे कोणी, कोठे आणि कोणत्या अधिकाराने सांगितले?' हे तीन प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट वक्त्यांसाठी आहे. कार्डिनल सारा ह्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मौन, नम्रता आणि परमेश्वराचे प्रथमस्थान हा त्यांच्या लेखनाचा व जीवनाचा गाभा आहे. परंतु जो मनुष्य जगाच्या उपासनेचा कारभार पाहणाऱ्या विभागाचा प्रमुख आहे, त्याने तारीख देऊन केलेली विनंती ऐकणाऱ्याच्या कानाला विनंती वाटत नाही. पदाचे वजन शब्दांना चिकटलेले असते. आम्ही धर्मग्रामांत काम करणारे धर्मगुरूही हे अनुभवतो. 'जमल्यास पाहा' असे आम्ही म्हणावे आणि लोकांनी ते आज्ञा म्हणून घ्यावे, किंवा उलट आज्ञा सांगावी आणि लोकांनी ती सूचना समजून सोडून द्यावी!

२०२१ नंतरचे वारे

त्यानंतर वातावरण अधिक तापले. जुन्या मिस्सेभोवती जमणाऱ्या काही गटांत धर्मपरिषदेलाच नाकारण्याची वृत्ती बळावत आहे, अशी चिंता व्यक्त करीत पोप फ्रान्सिस ह्यांनी १६ जुलै २०२१ रोजी 'त्रादित्सिओनिस कुस्तोदेस' हे पत्र काढले आणि जुन्या विधीवर कडक मर्यादा घातल्या. परवानगीचे अधिकार स्थानिक बिशपांकडे आले, धर्मग्रामाच्या चर्चमध्ये हा विधी करण्यावर निर्बंध आले आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूंना त्यासाठी रोमचा सल्ला बंधनकारक झाला. पुढे २०२३ साली त्यातील काही सवलती देण्याचा अधिकार रोमने स्वतःकडेच राखून ठेवला.

अनेकांना ह्या निर्णयाने दुःख झाले, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांतले सर्वच काही हट्टी किंवा भांडखोर नव्हते. पेंटेकॉस्टच्या सुमारास पॅरिसहून शार्त्र्च्या कॅथेड्रलपर्यंत दरवर्षी जी पदयात्रा निघते, तीत जुन्या विधीची ओढ असलेले हजारो तरुण तीन दिवस चालतात. ज्या खंडातील चर्च रिकामी होत आहेत तेथे तरुण मुलेमुली गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसली तर त्यांना काय हवे आहे हे आधी ऐकून घेणे हे मेंढपाळाचे पहिले काम आहे. दुसऱ्या बाजूला, जी व्यक्ती आजच्या मिस्सेला कमअस्सल म्हणते, ती आपल्या बिशपांच्या आणि पोपमहोदयांच्या मिस्सेलाच कमी लेखते. आणि ते कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही.

ह्याच काळात एक अर्थपूर्ण योगायोग घडला. २८ जून ते १ जुलै २०२२ ह्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्को परिसरात 'साक्रा लितुर्जिया' परिषद चालू होती आणि नेमके २९ जून रोजी रोममध्ये पोप फ्रान्सिस ह्यांचे 'देसिदेरिओ देसिदेरावी' हे पत्र प्रसिद्ध झाले. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने व्यक्त केलेल्या उत्कट इच्छेवरून त्याचे नाव घेतले आहे. त्या पत्राचा सूर कायद्याचा नव्हता. उपासनेत दडलेल्या गूढासमोर विस्मयाने उभे राहण्याची शक्ती आपण गमावत आहोत. नियमांच्या यांत्रिक पालनाने ती परत येणार नाही आणि मनमानी सर्जनशीलतेनेही येणार नाही. त्यासाठी धर्मगुरू आणि भाविक दोघांनाही उपासनेचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे पोपमहोदयांनी त्यात सांगितले. परिषदेतील विद्वानांनी इतकी वर्षे जी तक्रार मांडली होती, तिचा चांगला अंश ह्या पत्रात आढळतो. दोन्ही बाजूंचे दुखणे एकच होते. औषधाबद्दल मतभेद होते.

२१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रोमच्या सेंट पीटर महामंदिरात कार्डिनल रेमंड बर्क ह्यांनी जुन्या विधीनुसार मिस्सा अर्पण केली आणि त्या प्रसंगाचे अर्थ लावण्यात पुन्हा चढाओढ लागली. आम्ही त्या चढाओढीत उतरू इच्छीत नाही. एका मिस्सेवरून धोरणाचा अंदाज बांधणे हे एका भाषणावरून कायदा ठरवण्यासारखेच आहे.

आपल्या अंगणातील प्रश्न

हे सारे युरोप-अमेरिकेचे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणता येणार नाही. आपल्याकडे ह्याच प्रश्नाने फार वेदनादायक रूप धारण केले. केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या धर्मसभेने ऑगस्ट २०२१ मध्ये मिस्सेची एकसमान पद्धत ठरवली: पहिला भाग भाविकांकडे तोंड करून, अर्पणाचा भाग वेदीकडे तोंड करून आणि कम्युनियननंतरचा भाग पुन्हा भाविकांकडे तोंड करून. एर्नाकुलम-अंगमाली आर्चधर्मप्रांतातील बहुसंख्य धर्मगुरूंनी आणि असंख्य भाविकांनी तिला विरोध केला. २०२२ च्या नाताळच्या तोंडावर तेथील सेंट मेरी कॅथेड्रल बॅसिलिकेत वेदीपाशीच झटापट झाली आणि ते चर्च बंद ठेवावे लागले. पोप फ्रान्सिस ह्यांनी पत्रे लिहिली, चित्रफितीतून कळवळून आवाहन केले. शेवटी २०२५ च्या जुलैपासून रविवारी निदान एक मिस्सा एकसमान पद्धतीने व्हावी, असा समझोता अमलात आला. १९८८ साली कल्याण येथे सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. ती मंडळी मुंबई-ठाण्यात आपली शेजारी आहेत. त्यांच्या कुटुंबांनी ही व्यथा दुरून का होईना सोसली आहे.

लॅटिन विधीच्या आपल्या धर्मप्रांतांतही उपासनेवरून वाद झालेच. १९६९ साली रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांचे अनुकूलन मंजूर केले: पंचांग प्रणाम, अंजलीमुद्रा, आरती, समई, खाली बसून मिस्सा इत्यादी. बंगळुरूच्या राष्ट्रीय केंद्रातून फादर अमलोरपवदास ह्यांनी ह्या कार्याला चालना दिली. तेव्हा पुष्कळ ठिकाणी भाविक बिथरले. 'हे आमचे नव्हे' म्हणाले. ज्यांच्या पूर्वजांनी लॅटिन मिस्सा आपलीशी केली होती त्यांना आरतीचे ताट परके वाटले! लंडनच्या भाषणात कार्डिनल सारा ह्यांनी आपण आफ्रिकन आहोत असे सांगून म्हटले होते की उपासना ही आपल्या संस्कृतीची जाहिरात करण्याची जागा नव्हे. तेथे आपल्या संस्कृतीला बाप्तिस्मा मिळतो. हा विचार आम्हांला मोलाचा वाटतो. आरती ओवाळताना ती ख्रिस्ताला ओवाळली जाते की छायाचित्रकाराला, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.

वसई, मुंबई आणि गोव्याच्या कित्येक जुन्या चर्चमध्ये आजही दोन वेद्या दिसतात. मागे भिंतीला टेकलेली, कोरीव लाकडाची, सोनेरी मुलाम्याची जुनी वेदी. आणि तिच्यापुढे १९६५ नंतर आलेली मेजासारखी साधी वेदी. जुन्या वेदीपुढे आपल्या आजी-पणजींनी लॅटिन प्रार्थना न कळताही रोझरीचे मणी ओढीत अश्रू ढाळले. नव्या वेदीपुढे आपण मराठीतून 'आमेन' म्हणतो आणि त्याचा अर्थ आपल्याला कळतो. आपल्या पूर्वजांनी मागची वेदी तोडून फेकली नाही, आणि पुढची वेदी नाकारलीही नाही. ह्या दोन वेद्यांच्या मध्ये जी चार पावलांची जागा आहे तेथे शहाणपण नांदते, असे आम्ही म्हणू.

आम्हांला काय वाटते

आमच्या धर्मग्रामांत वेदी फिरवावी असे आमचे मत नाही. लोकांना मातृभाषेतील, डोळ्यांपुढे घडणारी मिस्सा मिळाली हे धर्मपरिषदेचे वरदान आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेला त्याने नवे बळ दिले आहे. परंतु लंडनच्या त्या सभागृहातून आलेला प्रश्न आम्ही बाजूला सारू शकत नाही: मिस्सेच्या वेळी आपण नेमके कोणाकडे पाहत असतो?

धर्मगुरू म्हणून प्रथम आम्ही स्वतःला विचारतो. सर्व डोळे आमच्याकडे लागलेले असतात, ध्वनिक्षेपक हाती असतो, विनोदाला हशा मिळतो. आणि नकळत मिस्सेचा नायक बदलतो. प्रवचन लांबते, युखरिस्तीय प्रार्थना मात्र घाईघाईने उरकली जाते. भाविकांकडे तोंड करून उभे राहिल्यामुळे आम्ही त्यांच्याशी बोलत आहोत असे आम्हांला वाटू लागते, वास्तविक त्या क्षणी आम्ही सर्वांच्या वतीने पित्याशी बोलत असतो. कार्डिनल रॅट्झिंगर ह्यांनी वेदीच्या मध्यभागी क्रूस ठेवण्याची सूचना केली होती. धर्मगुरू आणि भाविक समोरासमोर असूनही दोघांचीही नजर त्या क्रूसावर एकत्र यावी, एवढाच तिचा साधा अर्थ. वेदी न फिरवता दिशा सापडू शकते, हे त्यावरून लक्षात येते.

मग भाविकांनीही स्वतःला विचारावे. लग्नाच्या मिस्सेत कॅमेरावाल्यांची वेदीपर्यंत धाव, प्रथम कम्युनियनच्या दिवशी पोशाखांची स्पर्धा, गायकवृंदाचे गाणे संपताच होणारा टाळ्यांचा कडकडाट, ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतर दोन मिनिटांची शांतता असह्य होऊन सुरू होणारी कुजबुज: ह्यांपैकी कशालाही लॅटिन भाषा किंवा मराठी भाषा जबाबदार नाही. हे सुधारण्यासाठी रोमच्या परवानगीची गरज नाही, परिषदेची तर नाहीच नाही. येत्या रविवारपासून ते करता येईल.

विद्वानांनी परिषदा अवश्य भरवाव्यात. त्यांनी ख्रिस्तसभेला तिच्या विसरलेल्या ठेव्याची आठवण करून द्यावी. ते काम दुसरे कोणी करणार नाही. मात्र आपले संशोधन वेदीवर ठेवताना त्यांनी ते अर्पणाच्या भावनेने ठेवावे, दंडुक्यासारखे आपटू नये. आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी जुन्याची ओढ असलेल्या माणसाकडे संशयानेच पाहू नये. एर्नाकुलमच्या बंद दारांनी आपल्याला पुरेसे शिकवले आहे. ज्या दिवशी मिस्सा कशी अर्पावी ह्या वादापायी मिस्साच बंद पडते, त्या दिवशी दोन्ही पक्ष हरलेले असतात, आणि बाहेर पायरीवर उभी असलेली म्हातारी, जी केवळ प्रभूला भेटायला आलेली असते, ती रिकाम्या हातांनी घरी परतते.

प्रिय वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या परिषदेची, एखाद्या कार्डिनलांच्या भाषणाची, एखाद्या नव्या पत्राची वार्ता तुमच्या कानी येईल तेव्हा त्या म्हातारीची आठवण ठेवा. मग आपल्या चर्चमध्ये जा, बाकावर गुडघे टेका, आणि त्या दोन वेद्यांवरच्या क्रूसाकडे क्षणभर निःशब्द पाहा. धर्मगुरूचे तोंड कोणीकडेही असो, आपली अंतःकरणे प्रभूकडे वळलेली असावीत. हीच कृपा आपणां सर्वांना लाभो, ही प्रार्थना.